ऊब आणि ओल

दिवाळीपूर्वीं घर झाडावयास काढलें म्हणजे कपाटाच्या मागें, तसबिरीच्या पाठीशीं किंवा जुन्या पुस्तकांच्या फटींत दोन लहान, पांढरींशुभ्र, वाटोळीं अंडीं हटकून सांपडतात. घरांतील वडील मंडळी "पालीचीं आहेत, नेऊन टाका" असें म्हणून मोकळी होतात. पण एखादें चौकस मूल त्यांतलें एक हळूच कापूस घातलेल्या काडेपेटींत ठेवून देतें. दैव अनुकूल असलें तर कांहीं आठवड्यांनीं त्या काडेपेटींतून बोटाच्या दोन पेरांएवढी पाल बाहेर पडते आणि भिंतीवरून दिसेनाशी होते. तिला ऊब कोणी दिली नाहीं, पाणी कोणी पाजलें नाहीं, तिची राखणहि कोणी केली नाहीं. तें मूल पुढें मोठें होतें आणि मनाशीं अशी खूणगांठ बांधून ठेवतें कीं, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांसाठीं आपल्याला कांहींच करावें लागत नाहीं.

मीहि त्या मुलांपैकींच एक. ही खूणगांठ किती कच्ची आहे हें मला फार उशिरां, केस पांढरे झाल्यावर, माझ्याच एका चुकीमुळें कळलें. त्या चुकीची हकीकत सांगतां सांगतां, घरीं पाळलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचीं अंडीं कशीं उबवितात, आणि विशेषतः त्यांच्या भोंवतालची ओल कशी सांभाळावी लागते, हें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

माझ्या एका पुतणीचें बिऱ्हाड इंग्लंडांत आहे. तिच्या बारा वर्षांच्या मुलानें एक पाल पाळली आहे. 'पाल पाळली' हे शब्द ऐकून आपल्यापैकीं कांहींच्या अंगावर कांटा उभा राहिला असेल. पण ही आपली भिंतीवरची पाल नव्हे. इंग्रजींत तिला लेपर्ड गेको म्हणतात. आपण तिला बिबट्या पाल म्हणूं. पिंवळसर अंगावर काळे ठिपके, चरबीनें भरलेलें जाडजूड शेंपूट, आणि आपल्या पालीला नसणारी एक गोष्ट, म्हणजे डोळ्यांना उघडझांप करणाऱ्या पापण्या. पायांच्या बोटांना चिकट गाद्या नसल्यामुळें ती भिंतीवर चढूं शकत नाहीं. दिवसां दगडाखालीं दडून राहते आणि रात्रीं किडे टिपते. तिचा मूळ मुलूख म्हणजे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत येथील रुक्ष, खडकाळ प्रदेश. एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञानें १८५४ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन केलें. आज इंग्लंड, जर्मनी, अमेरिका या देशांत ती कुत्र्यामांजरांसारखी घरोघर पाळतात, आणि तेथें विकल्या जाणाऱ्या बहुतेक पाली पिढ्यान् पिढ्या घरींच जन्मलेल्या असतात.

तिच्या जवळच्या नात्यांतल्या पाली आपल्याकडेहि आहेत. गुजरात व महाराष्ट्र या भागांत एक जात आढळते. सातपुड्यांतील दुसऱ्या एका जातीचें वर्णन तर २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. पण त्या रानांतच शोभतात. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येंतच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणें किंवा तीं अंडीं विचलित करणें याचा समावेश केलेला आहे. परदेशांतून आलेल्या अनेक जातींच्या नोंदणीसाठीं २०२४ सालीं स्वतंत्र नियमहि झाले. म्हणून आजचें माझें बोलणें ऐकून कोणी रानांतलीं अंडीं उचलून घरीं आणूं नयेत, एवढी विनंती आधींच करून ठेवतों.

आतां मूळ हकीकतीकडे वळतों. त्या मुलाची पाल मादी. त्याच्या एका मित्राकडे नर होता. तो कांहीं दिवस पाहुणा म्हणून येऊन गेला. पुढें एके सकाळीं ओल्या मातीच्या डब्यांत दोन अंडीं दिसलीं. ही पाल एका वेळीं बहुधा दोनच अंडीं घालते. पुतणीनें मला फोन केला. "काका, तुम्ही जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेंत. आतां यांचें काय करूं?" मी ऐटींत सल्ला दिला. डब्याच्या झांकणांत तिनें हवेचा दमटपणा मोजणारें एक यंत्र बसविलें होतें; तें शेंकडा सत्तर दाखवीत होतें. "सत्तर कमी आहे," मी म्हणालों, "नव्वदांच्या वर ने. रोज पाणी शिंपड." ती बिचारी रोज तीनदां पाणी शिंपडूं लागली. पंधराव्या दिवशीं अंडीं टम्म फुगलीं, कवच कांचेसारखें पारदर्शक व बुळबुळीत झालें; विसाव्या दिवशीं तीं बसलीं. मुलानें हट्टानें एक उघडून पाहिलें. आंत अंगठ्याच्या नखाएवढा जीव होता आणि त्याच्या डोळ्याचा काळा ठिपका स्पष्ट दिसत होता. म्हणजे अंडीं वांझ नव्हतीं. तीं जिवंत होतीं, आणि आम्हीं तीं बुडवून मारलीं.

"पाणी तर मी वेळच्या वेळीं देत होतें," पुतणी म्हणाली. तेंच तर चुकलें होतें. पण तें कां चुकलें हें समजावून घेण्यासाठीं आपल्याला अंड्याच्या कवचापासून सुरुवात केली पाहिजे.

भिंतीवरच्या पालीचें अंडें घातलें जातें तेव्हां मऊ असतें. पण हवा लागतांच तें चुनखडीसारखें कठीण होतें. पिलाला जन्मापर्यंत लागणारें बहुतेक पाणी आईनें आंत भरून दिलेलें असतें आणि कवच तें बाहेर जाऊं देत नाहीं. प्रवासाला निघतांना फिरकीचा तांब्या भरून घ्यावा तसा हा प्रकार. म्हणूनच कोरड्या काडेपेटींतहि तें अंडें तग धरतें. बिबट्या पालीचें अंडें याच्या उलट. तें सुमारें तीन सेंटीमीटर लांब, लांबोळकें, आणि त्याचें कवच चर्मपत्रासारखें मऊ व लवचीक असतें. आईनें त्यांत पाण्याची पुरी शिदोरी दिलेलीच नसते. तें ओलसर मातींत पुरलें जाईल आणि मातींतून लागेल तसें पाणी पिईल, असा निसर्गाचा हिशेब. उबवणुकीच्या काळांत तें खरोखरच फुगतें आणि त्याच्या वजनांत चांगली भर पडते. कासवांपैकीं कांहींचीं, बहुतेक सापांचीं व पुष्कळशा सरड्यांचीं अंडीं याच जातीचीं असतात.

आतां गृहिणींच्या अनुभवांतलें एक उदाहरण देतों. मटकीला मोड आणावयाचे म्हणजे आपण ती आधीं भिजत घालतों, मग पाणी निथळून ओल्या फडक्यांत बांधून ठेवतों. फडकें कोरडें पडलें तर मोड येत नाहींत. पण मटकी तशीच पाण्यांत ठेवली तर? मोड न येतां तिला घाण येऊं लागते. कारण दाण्यांतला अंकुर जिवंत असतो, आणि जिवंत म्हटला कीं त्याला श्वास आला. अंड्यांतल्या पिलाचेंहि तसेंच. त्याला नाक चालवितां येत नाहीं. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतूनच प्राणवायु आंत जातो आणि दूषित वायु बाहेर येतो. प्राणवायूचा प्रसार पाण्यांतून हवेपेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं सावकाश होतो. कवचावर पाण्याचा पातळसा पापुद्रा जरी राहिला तरी छिद्रांची दारें लागलींच समजा. आम्हीं रोज तीनदां शिंपडलेल्या पाण्यानें हेंच केलें.

मग त्या यंत्रावरच्या सत्तराच्या आंकड्याचें काय? तो आंकडा खोटा नव्हता. पण मी त्याला भलताच प्रश्न विचारीत होतों. यंत्र झांकणाच्या भोंकांत होतें, आणि बाहेरची कोरडी हवा त्याला लागत होती. अंडें मात्र डब्याच्या तळाशीं, ओल्या बिछान्यांत अर्धें रुतून बसलें होतें. तें पाणी मुख्यतः पितें तें त्या बिछान्यांतून. बिछाना पाण्याला घट्ट धरून बसला असेल, म्हणजे फार कोरडा असेल, तर तो उलट अंड्यांतलेंच पाणी ओढून घेतो. सैल धरून असेल तर अंड्याला देतो. या देवघेवींत कोणाचें पारडें जड आहे हें हवेचें यंत्र पाहून समजत नाहीं. अमेरिकेंत गॅरी पॅकर्ड आदि संशोधकांनीं १९८० च्या दशकांत कासवांच्या अंड्यांवर जे प्रयोग केले, त्यांत त्यांनीं हवेचा दमटपणा नव्हे, तर बिछान्याचा ओलसरपणा काटेकोरपणें मोजला. ज्या बिछान्यांत माफक जास्त ओल होती त्यांतलीं पिलें अधिक मोठीं निघालीं, असें त्यांना दिसून आलें.

हवेच्या दमटपणाविषयींहि दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण घरांत पुष्कळांची फसगत तेथें होते. हवा जितकी गरम तितकी पाण्याची वाफ पोटांत मावून घेण्याची तिची शक्ति अधिक. ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम वाफ मावते. २५ अंशांना सुमारें २३ ग्रॅम. आणि शून्य अंशांना पांच ग्रॅमहि मावत नाहीं. शेंकडा अमुक दमट हा जो आंकडा आपण ऐकतों, तो त्या त्या उष्णतेला मावणाऱ्या वाफेपैकीं प्रत्यक्षांत किती आहे एवढेंच सांगतो. आतां इंग्लंडांतला हिंवाळा डोळ्यांपुढें आणा. बाहेर शून्य अंशाची, वाफेनें पूर्ण भरलेली हवा आहे. तीच घरांत येऊन २१ अंशांपर्यंत तापली, तर तिच्यांतली वाफ तेवढीच राहते, पण मावण्याची शक्ति जवळ जवळ चौपट होते. आणि यंत्र शेंकडा २६ च्या आसपास दाखवितें. म्हणून त्या देशांत जानेवारीमध्यें ओठ फुटतात, आणि अंड्यांचे डबेहि लवकर सुकतात. मुंबईंत आषाढ-श्रावणांत मीठ पाझरतें तें याच्या उलट कारणानें.

दुसरी फसगत घामाची. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाण्याचे थेंब येतात हें आपण रोज पाहतों. डब्यांतली ३० अंशांची ओली हवा रात्रीं २५ अंशांवर आली कीं दर घनमीटरामागें सात ग्रॅम वाफ तिला टाकून द्यावी लागते. ती झांकणाच्या आंतल्या बाजूस थेंब होऊन लटकते आणि नेमकी अंड्यांवर ठिबकते. म्हणजे पाणी न शिंपडतांहि, केवळ उष्णता खालींवर झाल्यामुळें अंडें भिजतें. ओल सांभाळावयाची तर आधीं ऊब स्थिर ठेवली पाहिजे. या दोन्ही गोष्टी अलग करतां येत नाहींत. झांकण किंचित् तिरपें ठेवल्यास थेंब कडेला ओघळतात, ही साधी युक्ति पुष्कळ उपयोगी पडते.

बिछान्यासाठीं माती किंवा वाळू वापरण्यापेक्षां भाजून फुलविलेलीं दोन खनिजें वापरण्याची चाल आहे. एक व्हर्मिक्युलाइट, म्हणजे अभ्रकाच्या जातीचें. दुसरें परलाइट, म्हणजे ज्वालामुखीच्या कांचेपासून केलेलें. दोन्ही बागवानीच्या दुकानांत मिळतात. त्यांत कुजण्यासारखें कांहीं नसतें, तीं पाणी धरतात, आणि कणांमध्यें हवेला वाट राहते. व्हर्मिक्युलाइटाचें जितकें वजन तितक्याच वजनाचें पाणी, म्हणजे १०० ग्रॅमला १०० ग्रॅम, हें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं वापरतात. तें कालवून मुठींत घट्ट दाबलें असतां त्याचा गोळा व्हावा, परंतु बोटांमधून पाण्याचा थेंब गळूं नये. थेंब गळला तर आणखी कोरडें खनिज मिसळावें. मग अंगठ्यानें खळगा करून अंडें त्यांत अर्धें बसवावें आणि अर्धें वर उघडें ठेवावें, म्हणजे खालून पाणी आणि वरून हवा अशी दोहोंची सोय होते. डब्याच्या बाजूंना तीनचार बारीक भोंकें पुरेत. शिवाय आठवड्यांतून एकदां झांकण काढून क्षणभर ताजी हवा खेळूं द्यावी.

आतां या सर्व हकीकतींतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगतों. ओल किती कमी झाली हें कळण्यासाठीं स्वयंपाकघरांतल्या ग्रॅम दाखविणाऱ्या तराजूपेक्षां अधिक प्रामाणिक यंत्र नाहीं. अंडीं ठेवल्याच्या दिवशीं अंडीं व झांकण यांसकट सबंध डब्याचें वजन करावें आणि तें झांकणावर लिहून ठेवावें. पुढें दर आठवड्याला त्याच वारीं पुन्हां वजन करावें. बिछान्यांतलें पाणी अंड्यानें प्यालें तर तें डब्यांतच राहतें, म्हणून एकंदर वजन बदलत नाहीं; वजन घटलें तर तेवढें पाणी डब्याबाहेर उडून गेलें असाच बहुतांशीं त्याचा अर्थ. सहा ग्रॅम घटले तर सहा ग्रॅम कोमट पाणी, तेंहि अंड्यांवर नव्हे, तर डब्याच्या कडेकडेनें घालावें. कांहींच घटलें नसेल तर कांहींच घालूं नये. यांत अंदाज नाहीं, माया नाहीं, आणि भीतीहि नाहीं.

ऊब देण्यासाठीं डबा एका मोठ्या पेटींत ठेवतात. पेटीला विजेची तापक पट्टी, आणि ठराविक उष्णतेला वीज आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट, या दोन गोष्टी असल्या म्हणजे झालें. मात्र थर्मामीटरचें टोंक अंड्यांच्या पातळीला असावें. उन्हाची खिडकी, शेगडीची बाजू किंवा घर तापविणाऱ्या नळावरची फळी यांवर डबा ठेवणें म्हणजे अंडीं शिजविण्याचीच तयारी.

या उबेंत एक मोठें रहस्य दडलेलें आहे. आपल्यांत मुलगा कीं मुलगी हें गर्भधारणेच्याच क्षणीं ठरतें. बिबट्या पालींत तें उबवणुकीच्या पहिल्या कांहीं आठवड्यांतील उष्णतेवर ठरतें. सुमारें २६ अंशांवर बहुतेक माद्या निघतात, ३० च्या आसपास दोन्ही मिसळ, ३२.५ अंशांवर बहुतेक नर. आणि त्याहूनहि वर, ३४ अंशांच्या पलीकडे, पुन्हां माद्याच, पण त्या उष्णतेंत पिलें दगावण्याची भीति फार. मादलीन शार्निए या विदुषीनें १९६६ सालीं डाकार येथें एका जातीच्या सरड्यावर अभ्यास करून उष्णतेचा आणि लिंगाचा हा संबंध प्रथम प्रसिद्ध केला; पुढें तो कांसवांत व मगरींतहि आढळला. उबेप्रमाणें काळहि बदलतो : गरम पेटींत पांच-सहा आठवड्यांत पिलूं निघतें, थंड पेटींत दहा आठवडेहि लागतात. तात्पर्य, पेटीचा कांटा फिरवितांना आपण केवळ ऊब देत नसतों, तर जन्माला येणारा नर कीं मादी हेंहि ठरवीत असतों. दोन नर एका घरकुलांत ठेवले कीं ते रक्त निघेपर्यंत भांडतात, हें ज्याला ठाऊक आहे त्याला या निवडीची जबाबदारी निराळी सांगावयास नको.

कोंबडीखालचीं अंडीं ती वरचेवर फिरवते, आणि यांत्रिक उबवणींतहि तीं फिरवावीं लागतात. सरपटणाऱ्यांच्या अंड्यांना हा नियम लावूं नये. पक्ष्याच्या अंड्यांत बलकाला दोन्ही बाजूंनीं धरून ठेवणारे पिळाचे दोरे असतात. यांच्यांत ते नसतात. कांसव व मगर यांच्या अंड्यांत गर्भ लवकरच वरच्या बाजूला कवचाला चिकटतो, आणि मग अंडें उलटें केल्यास तो मरतो. रत्नागिरी जिल्ह्यांतल्या वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ पासून समुद्रकांसवांचीं अंडीं वांचविण्याचें जें काम चालविलें, त्यांतहि अंडीं कुंपणाआडच्या सुरक्षित खड्ड्यांत हलवावयाचीं तर तीं लवकर आणि हलक्या हातानें हलवावीं लागतात, तें याच कारणानें. पालींच्या बाबतींतहि पाळणारे तोच नियम पाळतात : अंडें दिसतांच वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीनें एक ठिपका करावा, आणि तो ठिपका शेवटपर्यंत आकाशाकडेच ठेवावा.

यापुढें फार कांहीं करावयाचें नसतें, आणि तेंच सर्वांत कठीण. आठवड्याभरानें अंधाऱ्या खोलींत अंडें न उचलतां बाजूनें बॅटरीचा उजेड टाकला तर आंत गुलाबी शिरा दिसतात. अंडें सर्वत्र पिंवळें दिसलें तर बहुधा तें वांझ. अंड्यावर थोडी बुरशी आली म्हणून घाबरूं नये. ती कोरड्या मऊ कुंचल्यानें झाडावी. जिवंत अंडें पुष्कळदां बुरशीला पुरून उरतें. पहिल्या आठवड्यांत अंड्याला खळी पडली तर तें तहानलेलें असतें; पण तीच खळी शेवटच्या दिवसांत पडली, कवचावर घामाचे बिंदु दिसले, तर पिलूं निघण्याची वेळ जवळ आली. पिलूं तोंडावरच्या बारीक दातांनीं कवच चिरतें, डोकें बाहेर काढतें, आणि कधीं कधीं तसेंच तासन् तास पडून राहतें. तें अडकलेलें नसतें. उरलेला बलक पोटांत ओढून घेत असतें. त्या वेळीं मदतीचा हात पुढें करणें म्हणजे त्याचा घात करणें होय. सर्व हाताळणीनंतर साबणानें हात धुवावे, आणि हीं भांडीं स्वयंपाकाच्या मोरींत धुऊं नयेत, कारण या प्राण्यांच्या अंगावर आंतड्याच्या रोगांचे जंतु असूं शकतात.

महिन्याभरानें त्या पालीनें दुसरीं दोन अंडीं घातलीं. नर पुन्हां आला नव्हता. पण ही मादी नराचें बीज पोटांत साठवून ठेवूं शकते. या वेळीं पुतणीनें मला फोन केला तो अंडीं पेटींत ठेवण्यापूर्वीं. "काका, ठेवूं कीं नको?" हा प्रश्न पहिल्या वेळीं आमच्यापैकीं कोणाच्या मनांतहि आला नव्हता. बिबट्या पाल नीट संभाळली तर पंधरा-वीस वर्षें जगते. आज बारा वर्षांचा असलेला मुलगा तोंपर्यंत नोकरीला लागेल, कदाचित् परगांवीं जाईल. एका हंगामांत मादी अशीं अनेक जोड्या अंडीं घालते, आणि प्रत्येक जोडी तिच्या शेंपटींतली चरबी आणि हाडांतला चुना घेऊन जाते. प्रत्येक अंड्यामागें एक वेगळें घरकूल, रोजचे किडे, आणि वीस वर्षांचा शब्द द्यावा लागतो. तो शब्द कोण देणार? ज्याला तो देतां येत नाहीं त्यानें अंडें घातल्याबरोबर, आंत गर्भ वाढूं लागण्यापूर्वींच, तें थंडपेटींत गोठवावें, असा जाणत्यांचा सल्ला आहे. ऐकावयास तो निर्दय वाटतो. पण पंधराव्या दिवशीं डोळ्याचा ठिपका असलेला जीव बुडविण्यापेक्षां तो दयेचा आहे.

त्या घरांत त्या रात्रीं बराच वाद झाला म्हणे. अखेर मुलानें एका जोडीचा शब्द दिला, एक पिलूं वर्गमित्राच्या घरीं जाईल असें त्या घरच्या वडिलधाऱ्यांकडून कबूल करून घेतलें, आणि यापुढचीं अंडीं उबवावयाचीं नाहींत हेंहि त्यानेंच वहींत लिहिलें. डबा २८ अंशांवर ठेवला. दर रविवारीं तो तराजूवर चढे. आठवड्याचा आंकडा तो मला कळवी. पहिल्या आठवड्यांत चार ग्रॅम, दुसऱ्यांत तीन, तिसऱ्यांत झांकण नीट बसलें नसल्यामुळें नऊ. पाणी शिंपडण्याची बाटली पुतणीनें माळ्यावर टाकली होती. त्रेपन्नाव्या दिवशीं पहांटे एका अंड्यांतून काळेपिंवळे पट्टे असलेलें, जन्मतःच माझ्यासारख्यावर तोंड वासून धांवून जाणारें पिलूं निघालें. दुसरें अंडें मात्र निघालें नाहीं. उघडून पाहिलें तेव्हां आंत पुरें वाढलेलें पिलूं मेलेलें आढळलें. वजन बरोबर होतें, ऊब बरोबर होती. तरीहि तें जगलें नाहीं. असें होतें, आणि त्याचें कारण दर वेळीं आपल्याला सांपडत नाहीं.

मुलगा रडला नाहीं. त्यानें वहींत त्या दिवसाची तारीख घातली, एका अंड्यापुढें 'निघालें' आणि दुसऱ्यापुढें 'नाहीं निघालें' असें लिहिलें, आणि वर्गमित्राला कळविलें कीं एकच आहे, तेंव्हां तें तुला देतां येणार नाहीं, हा राग मानूं नकोस. पुढच्या महिन्यांत आणखी दोन अंडीं आलीं. तीं त्यानें स्वतः, कोणाला न सांगतां, त्याच सकाळीं थंडपेटींत ठेवलीं. मला हें त्याच्या आईकडून कळलें. पहिल्या जोडीच्या वेळीं मीं त्याला नव्वदांचा आंकडा सांगितला होता. तो आंकडा तो केव्हांच विसरला आहे. तराजू मात्र अजून त्याच्या टेबलावर आहे.